व्रणिताचे घर

उज्जैन म्हटले की आपल्याकडच्या माणसाला महाकाल आठवतो, क्षिप्रा आठवते, फार तर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. त्या शहराशी आपले जुने नाते आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपले ठाणे केले, तेव्हा त्यांचे दिवाण होते रामचंद्र मल्हार सुखटणकर, म्हणजेच रामचंद्रबाबा शेणवी. मोडून पडलेले महाकालाचे देऊळ पुन्हा उभे राहिले ते त्यांच्या हातून. पुढे महादजींच्या फौजेत बक्षी झालेले जिवबादादा केरकर हे तर आपल्या पेडण्यातल्या केरीचे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी बिऱ्हाड ग्वाल्हेरला हलवले, पण उज्जैनमधली मराठी घरे तिथेच राहिली. आजही तिथल्या जुन्या गल्ल्यांतून अधूनमधून मराठी कानावर पडते. हिंदीत भिजलेली, पण मराठीच.

या लेखात मात्र लढाया आणि दिवाणगिरी नाही. मला लिहायचे आहे ते दुखण्यातून उठण्याविषयी. इतिहासकार घाव मोजतात, कापाकापी करणाऱ्याचे नाव शोधतात. नंतर तो माणूस किती दिवस पडून होता, त्याला काय खायला दिले, पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला कुणी धरले होते, हे कुणी लिहून ठेवत नाही. महादजींचेच पाहा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरून निसटताना एका अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर वार केला. राणेखान नावाच्या पखालीवाल्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजी जन्मभर लंगडत राहिले आणि त्या भिस्त्याला त्यांनी भाऊ मानले, फौजेत मोठ्या हुद्द्यावर चढवले. हे आपण शाळेत शिकलो. पण तो पाय धुतला कुणी, बांधला कशाने, ताप किती दिवस होता? एवढा मोठा माणूस, तरी त्याच्या दुखण्याचे ते महिने कागदावर नाहीत.

हा विचार डोक्यात शिरायला कारण घडले ते घरगुती. माझी मावसबहीण वीसेक वर्षांपूर्वी फोंड्याहून लग्न होऊन उज्जैनला गेली. गेल्या पावसाळ्यात तिची इंदूरला शस्त्रक्रिया झाली आणि मी अर्जित रजा टाकून तीन आठवडे तिच्या घरी राहिलो. शस्त्रक्रिया होती लायपोसक्शनची. म्हणजे कातडीखालची चरबी बारीक नळीने ओढून काढण्याची. नाव ऐकताच वाचकांच्या मनात जे आले असेल तेच आमच्या नातेवाइकांच्याही मनात आले. नट्यांची हौस, पैशांचा माज. म्हणून घरच्यांनी शेजारीपाजारी सांगितले की पित्ताशयातला खडा काढला. मावशीने फोंड्यातही तेच सांगितले.

खरी गोष्ट वेगळी होती. तिचे पाय वयात आल्यापासून जाड होत गेले, कमरेपासून घोट्यापर्यंत. पावले मात्र बारीकच. घोट्याशी जणू कुणी काकण घातल्यासारखी रेषा. हात लावला तरी दुखे, कशालाही आपटले की काळेनिळे डाग. तिने सोमवार धरले, संकष्ट्या धरल्या, एकवेळ जेवली. चेहरा आणि हात सुकले, पाय तसेच. या विकाराला लिपिडिमा म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० साली त्याचे वर्णन करून ठेवले आहे. तो जवळजवळ बायकांनाच होतो, कित्येकदा आईकडून मुलीकडे येतो आणि उपासाने ही चरबी हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत त्याला स्वतःची जागा मिळाली आहे. माझ्या मावशीचे पाय तसेच आहेत, आजीचेही होते. आमच्या घरात त्याला 'आमच्या वळणाचे पाय' म्हणत. तीन पिढ्यांच्या दुखण्याला आम्ही वळण म्हणत आलो.

मी सरकारी कारकून. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. 'सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, सबब अग्राह्य' असा शेरा मी पाहिलेला आहे, क्वचित टंकलेलाही आहे. विमा कंपन्यांचा नियमही साधारण तोच. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतर अवयव पुन्हा घडवायचा असेल किंवा डॉक्टरने वैद्यकीय गरज दाखवून दिली तरच पैसे. नियम ठीक आहे. पण गरज आणि हौस यांची रेषा नेमकी कुठे ओढायची हा प्रश्न फार जुना आहे.

किती जुना? रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंद केली आहे की लुसियस अप्रोनियस नावाच्या माजी कॉन्सलच्या मुलाच्या अंगातली चरबी काढून त्याला न पेलणाऱ्या वजनातून मोकळे केले. कसे काढले, पुढे तो जगला का, हे प्लिनी सांगत नाही. पुन्हा तेच, कापण्याची नोंद आहे, बरे होण्याची नाही. आपल्याकडे चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाला आठ निंदितांत बसवले. 'निंदित' हा शब्द वैद्याचा असला तरी समाजाने तो बरोबर उचलला. पण चरकाचा इलाज आहारविहाराचा आणि औषधांचा आहे, चरबी काढून टाकण्याचा नाही.

अर्वाचीन काळातली पहिली हकीकत तर भयंकर आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए या सर्जनने एका नर्तकीच्या पायांची चरबी खरवडून काढली. मोठी रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. त्यानंतर पन्नास वर्षे या वाटेला फारसे कुणी गेले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास रोममध्ये फिशर बापलेकांनी पोकळ नळीने चरबी ओढण्याचे यंत्र केले. १९७७ च्या सुमारास पॅरिसच्या इलूझने बोथट तोंडाची नळी वापरली, म्हणजे शिरा आणि नसा तुटण्याऐवजी बाजूला सरकतात. तरी रक्त फार जायचे. तो प्रश्न सोडवला कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकात. मिठाचे पाणी, बधिरतेचे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनॅलिन यांचे पातळ मिश्रण आधी त्या भागात इतके भरायचे की तो टम्म फुगतो. मग चरबी ओढायची. रक्त अगदी थोडे जाते. आज जगभर होते ते बहुतेक याच पद्धतीने, आणि बहिणीचेही तसेच झाले.

आता नंतरचे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला इंदूरहून घरी आणले. पंचावन्न-साठ किलोमीटरचा रस्ता, मागच्या सीटवर प्लास्टिक आणि त्यावर जुन्या चादरी. भरलेले पाणी छोट्या भोकांतून गुलाबी होऊन झिरपत असते, आणि ती भोके मुद्दामच पुरती शिवत नाहीत. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते, तरी सीटवरचा तो गुलाबी डाग पाहून तिच्या नवऱ्याने दोनदा गाडी थांबवली. कमरेपासून घोट्यापर्यंत घट्ट विणीची इलॅस्टिकची तुमान, ती रात्रंदिवस घालायची. पहिल्यांदा काढाल तेव्हा रुग्णाला बसवूनच काढा, अशी ताकीद होती. इतका वेळ दाबलेले रक्त एकदम पायांत उतरते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. तसेच झाले. बसलेली असूनही ती पांढरीफटक पडली, सासूबाईंनी मान धरून ठेवली म्हणून निभावले.

अंगाचे सगळे सासूबाईंनी केले. माझ्याकडे नोंदवही. गोळ्या किती वाजता, पाणी किती प्याली, किती पावले चालली, ताप किती. कारकुनाला दुसरे काय जमणार? सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, या शस्त्रक्रियेच्या पहिल्यापासून विरोधात. खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस त्या सुनेशी नीट बोलतही नव्हत्या. पण तुमान चढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातातले काम टाकले आणि म्हणाल्या, "द्या इकडे. बाळंतिणीचं पोट आम्ही असंच बांधायचो, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं. खालून वर बांधायचं असतं, वरून खाली नाही." नर्सने नेमके हेच सांगितले होते. त्या क्षणापासून त्या बाईंनी ते दुखणे आपल्या ओळखीचे करून घेतले. सव्वा महिना, पट्टा, गरम पाणी, वाऱ्यात बसू नको. बाळंतपणाची सगळी चौकट त्यांनी तिच्याभोवती उभी केली. फक्त डिंकाचे लाडू तेवढे आम्ही थांबवले.

घरी सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर होते, तिच्या आजेसासऱ्यांचे. पावसाळी दुपारी मी ते उघडले. सूत्रस्थानाचा अठरावा अध्याय पट्ट्यांचा आहे. चौदा प्रकारचे बंध, प्रत्येकाला नाव. पण मला थांबवले ते दुसऱ्याच एका विभागणीने. बंध तीन तऱ्हेचे, गाढ, सम आणि शिथिल. मांडी, कूस, जांघ, ढुंगण इथे घट्ट. हातपाय, पोट, पाठ, छाती इथे मध्यम. डोळे आणि सांधे इथे सैल. बहिणीची पहिल्या आठवड्यातली सर्वांत मोठी तक्रार कसली होती? मांडीवर तुमान घट्ट असली तर बरे वाटे, पण गुडघ्यामागे तिच्या चुण्या पडून कातडीत रुतत. रात्री दोन वाजता त्यासाठी उठावे लागे. शेवटी सासूबाईंनी गुडघ्यामागे मऊ मलमलीची घडी सरकवली. सुश्रुताला इलॅस्टिक ठाऊक नव्हते, आणि आपले सगळे आधीच ग्रंथांत होते म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. त्या ग्रंथात लायपोसक्शन नाही म्हणजे नाही. पण सांध्याला घट्ट बांधले की काय होते हे त्या लोकांनी कुणाच्या तरी उशाशी रात्र काढून पाहिलेले होते, एवढे नक्की.

त्याच्या पुढचा, एकोणिसावा अध्याय त्याहून आवडला. तो व्रणिताच्या, म्हणजे जखम झालेल्या माणसाच्या, दिनक्रमाचा. त्याची सुरुवात औषधाने होत नाही, घराने होते. आधी त्याच्यासाठी चांगले घर बघा, स्वच्छ, ऊन आणि वारा अंगावर न येणारे. मग अंथरूण ऐसपैस. मग मित्र हवेत, गोड बोलणारे, गोष्टी सांगून वेदना विसरायला लावणारे. दिवसा झोपू देऊ नका. दहा दिवस दोन वेळा मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी द्या. मित्रांच्या गप्पा या औषधयोजनेचा भाग आहेत, सौजन्याचा नव्हे, हे तिथे साफ दिसते.

आमच्याकडे भेटायला येणारे मात्र सगळेच गोड बोलणारे नव्हते. तिच्या नवऱ्याचे एक नातलग येऊन बसले आणि खासदारांची गोष्ट सांगू लागले. ती गोष्ट खरीच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये नितीन गडकरी उज्जैनला आले असता त्यांनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना भर सभेत सांगितले होते की जितके किलो वजन उतरवाल, तितके हजार कोटी रुपये विकासकामांना देतो. फिरोजियांनी व्यायाम आणि पथ्याने त्याच वर्षी तीसेक किलो उतरवले, वर्तमानपत्रांतून ते गाजले. "खासदारांनी घाम गाळून उतरवलं, आमच्या सूनबाईंनी नळीनं," असे म्हणून ते गृहस्थ हसले. पित्ताशयाच्या खड्यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता हे उघड झाले. बहीण आतल्या खोलीत होती, दार उघडे होते.

तो दिवस अकरावा. या शस्त्रक्रियेत एक विचित्र गोष्ट होते. सूज पहिले दहा-बारा दिवस इतकी असते की पाय पूर्वीपेक्षा जाड दिसतात आणि वजनकाटा वर जातो. काळेनिळे डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकत घोट्यापाशी गोळा होतात. कातडी बधिर, आणि मध्येच मुंग्या आणि चटके. आत कडक गुठळ्या लागतात. आकार दिसायला तीन महिने, कधी सहा. हे सर्व छापील कागदावर लिहिलेले होते. पण माणूस कागद वाचत नाही, आरसा वाचतो. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "दादा, एवढं करून मी तशीच आहे ना? सगळ्यांना खोटं सांगितलं आणि तशीच आहे."

मी माझी वही तिच्यापुढे ठेवली. पहिल्या दिवशी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चौदा पावले, दोघांच्या आधाराने. अकराव्या दिवशी अंगणात तीन फेऱ्या, एकटीने. तिला ते पटले की नाही कळले नाही. पण सासूबाई बाहेर त्या नातलगांकडे गेल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "खडा नव्हता भाऊ. तिच्या पायांचं दुखणं होतं, वीस वर्षांचं. मीच ओळखलं नाही." त्यानंतर घरात खड्याचे नाव कुणी काढले नाही.

चालण्यावर सगळे डॉक्टर जोर देतात, कारण पडून राहिले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकच पोटरी दुखून लाल आणि गरम झाली, दम लागला, छातीत कळ आली, ताप चढला, तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. चरबीचे कणही क्वचित रक्तात शिरतात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण 'छोटीशीच तर गोष्ट' म्हणून लोक दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघतात. आणखी एक आपल्या गोमंतकीयांसाठी. आजाऱ्याला आपण उकड्या तांदळाची पेज देतो, बरोबर खारातला आंबा. पेज उत्तम, खारातला आंबा बंद. मीठ सूज धरून ठेवते. बहिणीने सर्वांत जास्त हट्ट केला तो या आंब्यासाठी.

सावरण्याची पुरती नोंद ज्यात सापडते असा आपल्या मुलखातला एक जुना कागद मात्र आहे, आणि त्याचा धागा पुन्हा उज्जैनच्या धन्याशी जुळतो. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकीकत छापून आली आणि तिच्यामुळे युरोपात नाक घडवण्याची विद्या पुन्हा सुरू झाली. लंडनच्या कार्पने १८१४ मध्ये ती करून पाहिली. हे सगळ्या पुस्तकांत असते. पण त्या पत्रात पुढचेही आहे. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस. मग तुपात भिजवलेल्या चिंध्या. पाच-सहा दिवस उताणे झोपणे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी जोडलेला कातडीचा दांडा कापणे. नोंदवही अशी असते! कावसजीचे चित्र काढले जेम्स वेल्स याने. याच वेल्सने त्याच काळात पुण्यात महादजी शिंद्यांचेही चित्र काढले. महादजी तेव्हा पुण्यात होते आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. एकाच चितारीपुढे नवे नाक लावलेला बैलहाक्या आणि पानिपताचा लंगडा पाय घेऊन तेहतीस वर्षे वावरलेला सरदार बसला. कावसजीला पुढे कंपनीने पेन्शन दिले. त्या कारागिराचे नाव कुणी विचारले नाही.

आपल्याकडे जुन्या गोव्यातही असे एक घर होते. फ्रेंच प्रवासी पिरार १६०८ साली तिथल्या राजइस्पितळात आजारी होता आणि त्याने जगात असे इस्पितळ दुसरे नाही म्हणून लिहून ठेवले. स्वच्छ चादरी, चिनी मातीची भांडी, कोंबडीचे जेवण. कोणता वैद्य, कोणते औषध, यापेक्षा त्याच्या लक्षात राहिले ते अंथरूण आणि ताट. अर्थात ते इस्पितळ गोऱ्या शिपायांसाठी. आपल्या लोकांसाठी नव्हे.

मी होतो तेव्हा श्रावणी सोमवारची महाकालाची सवारी निघाली. पालखी रामघाटावर जाते आणि परतताना बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळमंदिरापाशी थांबते. उत्तरेकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि संपतोही आधी. पण सवाऱ्या त्यांच्या भाद्रपदातल्या अमावास्येपर्यंत, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत, चालतात. मराठ्यांचा श्रावण त्या देवळाने अजून सोडलेला नाही. बहिणीला गर्दीत उभे राहायची परवानगी नव्हती. तिने गच्चीवर खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून ढोल ऐकले.

नवरात्रात तिचा फोन आला. हरसिद्धीच्या देवळात दोन उंच दीपमाळा आहेत, मराठ्यांच्या वेळच्या, आपल्या मंगेशीच्या दीपमाळेची आठवण करून देणाऱ्या. त्या पेटवतात ते पाहायला ती घरापासून चालत गेली होती, सासूबाईंबरोबर. तुमान अजून दिवसा घालावी लागते. उजव्या मांडीत एक गुठळी राहिली आहे, गुडघ्याखाली अजून बधिर वाटते, पण हात लावला तर दुखत नाही. परत येताना दमल्या त्या सासूबाई, म्हणून दोघी रिक्षाने आल्या.